लिंबाची सावली आणि पिंपळाची सावली



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही साखर कारखान्यातले कामगार. शाळा लवकर सुटली. वाचनाची गोडी चळवळीने लावली. पुढाऱ्यांवर आणि राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही ठरवलं, झाडावर लिहायचं. कारण आपल्या अंगणातल्या पिंपळावरून बैठकीत मोठी वादावादी झाली आणि त्या वादात आमचंच मत चुकीचं होतं. ते का चुकलं, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

आपण शिर्डीकर. आपल्या गावची ओळखच मुळी एका झाडापासून सुरू होते. गुरुस्थानचा लिंब साऱ्या देशाला ठाऊक आहे. सोळा वर्षांचा एक तरुण फकीर या लिंबाखाली पहिल्यांदा दिसला, असं दाभोलकरांच्या साईसच्चरितात सांगितलं आहे. पुढे १९१२ साली त्या झाडाखाली पादुका बसवल्या गेल्या. लिंबाचा पाला कडू, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण या झाडाचा पाला गोड लागतो, अशी भाविकांची श्रद्धा. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हाला त्याच पोथीतली दुसरी गोष्ट जास्त भावते. बाबांनी आज समाधी मंदिर आहे त्या जागेत जाई आणि झेंडूची रोपं लावली होती. वामन तात्या नावाचे गृहस्थ रोज दोन कच्चे घडे द्यायचे. बाबा ते भरून, खांद्यावर घेऊन झाडांना पाणी घालायचे. भाजलेली माती नव्हे. संध्याकाळी घडे फुटून जायचे आणि दुसऱ्या दिवशी नवे यायचे. तीन वर्षं हा क्रम चालला. चमत्काराच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात, पण पाणी वाहणाऱ्या खांद्याची गोष्ट फार कमी लोक सांगतात.

आता आपल्या माणसांचं झाडाशी नातं कसं होतं ते पाहू. जुन्या गावात वडाला, पिंपळाला, लिंबाला दगडी पार असायचा. पंचायत तिथं, गप्पा तिथं, भजन तिथं. पण आमचे आजोबा त्या पारावर कधी बसले नाहीत. पाराच्या खाली, उन्हात, हातभर अंतर राखून उभं राहायचं आणि हुकूम ऐकायचा. झाड सावली देताना जात विचारत नाही; सावलीचा हिशेब माणसांनी ठेवला होता. म्हणून "गावचा वड किती छान" असं कोणी लिहिलेलं वाचलं, की आमच्या मनात आजोबांचे तापलेले पाय येतात.

पिंपळाची तर आणखी तऱ्हा. शनिवारी त्याला फेऱ्या मारायच्या आणि रात्री त्याच्यावर मुंजा असतो म्हणून जवळ फिरकायचं नाही! आमची आई तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ द्यायची नाही. पान सळसळलं तरी छातीत धडधड व्हायची. पुढे कळलं, पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, टोकही शेपटीसारखं लांब. जराशा वाऱ्यानेही ते हलतं. तो मुंजा नव्हे, देठ! बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा माणसाची मान वर झालीच, पण अशी कितीतरी लहानसहान भयंही घराबाहेर गेली. ज्या झाडाला आमची आई भीत होती, त्याच्याखाली आमची नात बसून अभ्यास करते.

पण मग आपण बौद्धांनी पिंपळावर प्रेम का करायचं? देव म्हणून नाही. बौद्ध परंपरा सांगते, की ज्ञानप्राप्तीनंतर तथागत एक आठवडा बोधिवृक्षाकडे कृतज्ञतेने एकटक पाहत राहिले. ज्याने सावली दिली, त्याचे उपकार स्मरायचे, एवढा त्याचा सरळ अर्थ. कालिंगबोधी जातकाच्या आरंभी आणखी एक प्रसंग आहे. तथागत चारिकेला गेले की जेतवनात फुलं घेऊन आलेली माणसं हिरमुसून परत जात. तेव्हा तथागतांच्या संमतीने भन्ते आनंदांनी पुढाकार घेतला, बोधिवृक्षाचं बीज आणवलं आणि अनाथपिंडिकाच्या हातून ते जेतवनात लावलं गेलं. त्या झाडाला आनंदबोधी म्हणतात. म्हणजे बुद्धाची आठवण म्हणून झाड लावायची चाल किती जुनी आहे पाहा!

त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातही आहे. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात, बुद्धमूर्ती घडू लागण्याच्या आधीच्या काळातलं एक चित्र आहे. राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाच्या पूजेला आलेला त्यात दाखवला आहे. आणि सम्राट अशोकाने तर झाडाचा विषय थेट राज्यकारभारात आणला. दिल्लीला फिरोजशाह कोटल्यात जो स्तंभ आहे, त्यावरच्या सातव्या लेखात तो सांगतो, की रस्त्यांवर वड लावले, ते जनावरांना आणि माणसांना सावली व्हावी म्हणून; आमराया लावल्या. नीट वाचा. जनावरांना आणि माणसांना! अमक्या जातीच्या माणसांना, असं तिथं लिहिलेलं नाही. बावीसशे वर्षांपूर्वी राजा सगळ्यांना सावली देत होता आणि आमच्या आजोबांच्या काळी गाव ती नाकारत होतं. इतिहास नेहमी पुढेच जातो असं नाही, हे यातून शिकावं.

आता बोधिवृक्षाची पुढची हकीगत. अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने गयेच्या झाडाची फांदी श्रीलंकेला नेली. अनुराधपूरला ती राजा देवानंपिय तिस्साच्या काळी लावली गेली आणि ते झाड आजही उभं आहे. गयेचं झाड शशांक राजाने तोडलं आणि पूर्णवर्मा राजाने ते पुन्हा जगवलं, असं चिनी भिक्खू ह्युएन त्संग लिहून गेला. पुढे १८७६ साली वादळात तिथलं जीर्ण झाड पडलं. १८८१ साली कनिंगहॅम साहेबांनी त्याच जागी रोप लावलं. आज आपण बुद्धगयेला वंदन करतो ते हे झाड. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष? भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांतून तो वाढला. गयेहून लंकेला, लंकेहून नागपूरला. झाड चालत नाही. माणसं त्याला हातोहात चालवतात.

आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, पेमगिरीचा वड आहे. काही एकरांवर पसरलेला. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं होतात. तो स्वतःच स्वतःला टेकू देतो. पिंपळाचं तसं नाही. त्याला एक पाखराची विष्ठा लागते, नाहीतर माणसाचा हात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. विहाराचं सभागृह वाढवायचं ठरलं. पिंपळाच्या मुळ्यांनी मागची भिंत तडकली होती. काही तरुण म्हणाले, झाड काढा. हॉल मोठा झाला तर लग्नकार्य होतील, शिबिरं होतील. आम्हीही मान डोलावली. कामगार माणूस, भिंतीची किंमत जाणतो; सिमेंटसाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली होती. तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारी बाई उठली. म्हणाली, "भिंत तुम्ही परत बांधाल. मी या झाडाला घागरी घातल्या, तेव्हा विहाराला पत्रासुद्धा नव्हता. पहिली वंदना आपण याच्याच सावलीत घेतली." बैठक गप्प झाली. आम्ही बुद्धगया, अनुराधपूर सगळं वाचलेलं होतं, आणि अंगणातला इतिहास त्या न शिकलेल्या बाईने सांगितला.

शेवटी भिंत अलीकडे घ्यायची ठरली. हॉल थोडा लहान होईल, होऊ द्या. पण एवढ्यावर भागत नाही. हेही झाड एक दिवस म्हातारं होणार. म्हणून आमची सूचना अशी, की या वर्धापनदिनी याच पिंपळाचं रोप तयार करून मोकळ्या जागेत, भिंतीपासून लांब लावावं. शेजारी एक लिंबही लावावा. निंबोळी पिकावरच्या किडीला चालते आणि उन्हाळ्यात लिंबाखाली बसायला कोणालाही आवडतं. पाणी घालायची पाळी घराघराने वाटून घ्यावी आणि फळ्यावर नावं लिहावीत. पहिल्या आठवड्याला आमचं नाव लिहा.

त्या झाडांना पार बांधायचा तो असा, की येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही बसता यावं. साईंच्या दर्शनाला निघालेला पायी दिंडीकरी दमून बसला, तर त्यालाही तांब्याभर पाणी द्यावं. आमच्या आजोबांना जे मिळालं नाही, ते आपण दुसऱ्याला नाकारायचं नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!