१८८५ चा कायदा आणि आपला फोन

अहेरीत सिमकार्ड घ्यायला गेलं की आधी आधार, मग अंगठा, मग फोटो. त्याच अनुभवावरून वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, आपलं बोलणं सरकार ऐकतं का?" मी म्हटलं, "ऐकू शकतं." तिचा पुढचा प्रश्न होता, "कधीपासून?"

१८८५ पासून. १८५७ च्या उठावात तारा तोडल्या गेल्या होत्या. तार कुणाच्या हातात असावी हे इंग्रजांना पक्कं कळलं होतं. त्यांच्या तार कायद्याच्या कलम ५ नं सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याची मुभा दिली. इंग्रज गेले, कलम राहिलं.

उर्दूत चोरून ऐकण्याला 'कनसुई लेना' म्हणतात. या कनसुईला लगाम बसायला १९९६ उजाडलं. 'पीयूसीएल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आदेश गृहसचिवाचा हवा, मुदत दोन महिने, फार तर सहा, आणि वर आढावा समिती. समितीत मात्र सगळे सरकारी सचिवच! न्यायाधीश एकही नाही.

आपल्या महाराष्ट्रानं १९९९ मध्ये मकोका आणला. त्याच्या कलम १३ ते १६ मध्ये फोन ऐकण्याची स्वतंत्र तरतूद होती. तार हा केंद्राचा विषय, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये ती रद्द केली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभी केली. एक गोष्ट त्यात चांगली आहे: टेप पुरावा म्हणून वापरायची असेल, तर आदेशाची प्रत आरोपीला खटल्याच्या किमान दहा दिवस आधी द्यावी लागते. ज्या घरांनी मकोकाचे खटले वर्षानुवर्षं सोसले, त्यांना या दहा दिवसांची किंमत विचारा.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१९ चा विनीत कुमार निकाल, तोही मुंबईचाच. लाचेच्या संशयावरून सीबीआयच्या तपासात एका व्यावसायिकाचा फोन ऐकला गेला होता. उच्च न्यायालयानं विचारलं, यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? तिन्ही आदेश रद्द झाले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली गेली.

आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला. कलम २० उघडून पाहा. सार्वजनिक आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता: तेच जुने शब्द. त्याच वर्षीच्या विदा संरक्षण कायद्यातही सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं.

मुलीनं शेवटी विचारलं, "आपला फोन ऐकला, हे नंतर तरी आपल्याला सांगतात का?"

खटला झालाच नाही, तर कधीच नाही. तसं सांगण्याचं बंधन यातल्या एकाही कायद्यात नाही.