एका कर्ण्याचे तीन आवाज

1918 मध्ये दादासाहेब फाळके यांची हिंदुस्थान फिल्म कंपनी नाशिकला उभी राहिली, तेव्हा पडदा मुका होता. पेटी-तबलावाले खाली बसून साथ करीत. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि त्यांचा रोजगार ओसरू लागला.

बोलपटाचा ध्वनी फिल्मच्या कडेला छापलेला असे. प्रोजेक्टरमधील दिव्याचा प्रकाश त्यातून आरपार जाई, प्रकाशविद्युत घट त्याचा क्षीण विद्युतप्रवाह करी आणि अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवून कर्ण्याकडे धाडी. प्रवाह कुठून आला, याच्याशी अ‍ॅम्प्लिफायरला कर्तव्य नव्हते! टुरिंग टॉकीजवाल्यांनी हे नेमके हेरले. तंबूत त्याच यंत्राला ग्रामोफोन आणि माइकही जोडले जात: आधी गाण्यांच्या तबकड्या, मग तिकिटांची पुकार, शेवटी चित्रपट. माइकचा प्रवाह फार दुबळा, म्हणून त्याला जास्त वर्धन देणारे वेगळे तोंड लागे. आजच्या होम थिएटरमागची तोंडांची रांग याच कुळातली.

नाशिकला मात्र हा बदल महाग पडला. मूकपट म्हणून चित्रित झालेल्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. फाळक्यांनी दिग्दर्शित केलेला बोलपट ‘गंगावतरण’ (1937) तयार झाला तो कोल्हापूर सिनेटोनसाठी.