जयपूरची चारदीवारी आणि खंडणीचा हिशेब

राज्याचा जमाखर्च हा रुक्ष विषय मानला जातो. खजिना, सारा आणि खंडणी हे शब्द दप्तरांतले. घरातली चूल आणि पाळणा यांच्याशी त्यांचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. परंतु दिवाणखान्यात ठरलेला आकडा अखेर घराच्या उंबरठ्यावरच वसूल होतो. जयपूरच्या चारदीवारीचा, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराचा, इतिहास याची साक्ष देतो आणि त्या साक्षीत महाराष्ट्राचाही वाटा आहे.

हे नगर वसले ते उदार करनीतीच्या छायेत. सवाई जयसिंहाने राजा गिरिधर बहादुराच्या साथीने बादशहा महंमदशहाकडे रदबदली केली आणि 1720 मध्ये जिझिया कर उठला. हा कर कर्त्या पुरुषावर बसे. बायकामुलांना तो माफ असला, तरी त्याची झळ अर्थातच साऱ्या घराला लागे. पुढे 1727 मध्ये जयसिंहाने जयपूरची स्थापना केली. आखीव रस्ते आणि चौकड्या पाडून त्याने व्यापाऱ्यांना व कारागिरांना जागा आणि सवलती देऊन बोलावले. माणसे बिऱ्हाडासह आली, पेढ्या उघडल्या, शहर नांदू लागले.

1743 मध्ये जयसिंह निवर्तला आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या सावत्र भावांत गादीचा तंटा पेटला. मल्हारराव होळकरांनी माधोसिंहाची बाजू घेतली. 1748 मध्ये बगरूच्या लढाईनंतर ईश्वरीसिंहाने पैसा देण्याचे कबूल केले. मात्र तो भरणा पुरा झाला नाही. इकडे मराठी दौलतही कर्जाने वाकलेली होती. सावकारांच्या तगाद्याने हैराण झालेल्या बाजीरावांची ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे प्रसिद्धच आहेत. शिलेदाराचा रोजमुरा थकला की दक्षिणेतल्या त्याच्या घरी ओढाताण होई. तो चुकवायचा, तर परमुलखातून खंडणी आणावी लागे. एका प्रांतातली चूल पेटावी म्हणून दुसऱ्या प्रांतातली विझावी, असा हा व्यवहार होता.

1750 च्या अखेरीस होळकरांची फौज जयपूरवर चालून आली. तिशीही न गाठलेल्या ईश्वरीसिंहाने डिसेंबरात विष घेऊन जीवनयात्रा संपवली. त्याच्या काही राण्यांनीही त्याच्यामागे प्राण दिले. बगरूनंतर त्याने त्रिपोलिया बाजारालगत उभारलेला सरगासुली हा उंच मनोरा आजही चारदीवारीत उभा आहे.

गादी माधोसिंहाला मिळाली, पण मागणी थांबली नाही. जयाप्पा शिंदे येऊन मिळाले आणि खंडणीचा बोजा वाढला. 10 जानेवारी 1751 रोजी हजारो मराठे नगर पाहावे, देवदर्शन करावे, काही खरेदी करावी म्हणून तटाच्या आत गेले होते. दुपारी दरवाजे बंद झाले आणि लोकांचा साठलेला संताप त्यांच्यावर कोसळला. तीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. खंडणीची वाटाघाट करणारे छावणीत सुरक्षित होते. मेले ते बाजारहाटाला गेलेले. जयपुरातल्या राजवाड्यात उठलेल्या आकांताचा प्रतिध्वनी दक्षिणेतल्या शेकडो घरांत उमटला.

पुढे 1818 च्या तहाने जयपूर कंपनीच्या छत्राखाली आले. खंडणी गेली नाही. तिचा धनी तेवढा बदलला. पहिल्या वर्षाची माफी संपल्यावर चार लाखांपासून चढत ती वर्षाला आठ लाखांवर गेली. 1842 मध्ये ती पुन्हा चार लाखांवर आली आणि दोनच वर्षांनी, 1844 मध्ये, बाल महाराजा रामसिंहाच्या कारकीर्दीत जयपुरात महाराजा विद्यालय सुरू झाले. शाळा निघण्यास इतरही कारणे असतील; परंतु ज्या खजिन्यातले सर्व काही बाहेर जाते, त्यातून शाळा निघत नाहीत, एवढे निश्चित. पुढे याच रामसिंहाने 1868 च्या दुष्काळात तटाबाहेर रामनिवास बागेचे काम काढून उपाशी माणसांच्या हातांना मजुरी दिली.

2019 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जयपूरचे नाव गेले. तिथल्या वास्तूंचे कौतुक मराठी प्रवासी करतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर सरगासुलीच्या सावलीत त्याने क्षणभर थांबावे. राजे आणि सरदार आकडे ठरवून जातात. ते फेडण्याचे काम मात्र ज्यांना त्या बैठकीत कोणी विचारलेलेही नसते, अशा घरांकडे राहते.