दुरून ऐकण्याचा इतिहास

जालना जिल्ह्यातील मंठा किंवा परतूर तालुक्यातल्या एखाद्या घरातला माणूस महिनोन्महिने नीट झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, असे झाले तर त्याला न्यायचे कोठे? बराच काळ या प्रश्नाचे उत्तर 'घाटीला' असे होते. घाटी म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय. मंठ्याहून ते सुमारे सव्वाशे किलोमीटर. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. जालन्यात असे रुग्णालय उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती २०२१ साली.

आता याच गावांतून मोबाइलच्या पडद्यावर दूरच्या शहरातील अनुभवी सामाजिक कार्यकर्तीशी बोलता येते. साहजिकच प्रश्न पडतो, की माणूस समोर नसताना त्याचे दुःख समजणार कसे? ही सारी संगणकाने आणलेली नवलाई आहे असे आपण धरून चालतो. इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही.

मराठीत दुरून सल्ला देण्याचे काम पोस्टाने सुरू झाले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. घरात ज्या विषयांचा उच्चारही होत नसे, त्यांवरचे प्रश्न वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय भाषेत उत्तरे देत. अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालले. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला विचारायला माणूस धजतो, हे या पत्रव्यवहाराने आपल्याकडे फार लवकर दाखवून दिले.

दुसरा प्रवाह याच्या अगदी उलट दिशेने आला. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या लक्षात आले, की रोग्याला विश्रांती आणि चांगला आहार लिहून देण्यात काही अर्थ नाही, जर त्याच्या घरी या दोन्ही गोष्टी मिळणारच नसतील. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयात सामाजिक कार्यकर्ती नेमली. डॉक्टरने रोगी पाहावा, तिने रोग्याचे घर पाहावे, अशी ही वाटणी होती. मुंबईत नागपाडा भागात क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३७ साली तेथे बालमार्गदर्शन केंद्र निघाले. १९४८ पासून वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्याचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले, डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. आपल्या शासकीय रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी दिसते, तिच्यामागे ही परंपरा आहे.

या परंपरेचे मुख्य हत्यार म्हणजे गृहभेट. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासू देते का, मुलगा बाप आल्यावर उठून जातो का, औषधाची पुडी कोठे ठेवली आहे, हे सारे दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून कळत नाही. येथे एका शब्दाबद्दल आमची तक्रार नोंदवून ठेवतो. 'समुपदेशन' या शब्दात उपदेश दडलेला आहे, आणि या कामात नेमका तोच वर्ज्य असतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब जालना जिल्ह्यातच आहे. त्यांनी केला तो मनाला उपदेश. समोरच्याला त्याच्याच शब्दांत सगळे सांगू देणे ही निराळी विद्या आहे. शब्द रूढ झाला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो.

मग टेलिफोन आला. इंग्लंडमधील धर्मगुरू चॅड व्हारा यांनी १९३५ साली एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी केला होता. पहिली मासिक पाळी आली तेव्हा आपल्याला वाईट रोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणी नव्हते. (कर्वे यांच्यावर खटला चालला तो याच सुमारास, हे लक्षात घ्यावे.) व्हारा यांनी १९५३ साली संकटग्रस्तांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. संगणकाची पाळी त्यानंतरची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९८६ साली विद्यार्थी नाव न सांगता संगणकावरून प्रश्न विचारू लागले आणि 'एझ्रा काका' या नावाने त्यांना उत्तरे मिळू लागली. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही सेवा सुरू केली. दूरध्वनीने आणि ई-मेलने. घर पाहणारी परंपरा आणि घर न पाहणारी परंपरा येथे एका छताखाली आली.

त्याच वर्षीच्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. मोसंबीचे झाड फळ धरायला चार-पाच वर्षे घेते. बाग जळाली म्हणजे एका हंगामाबरोबर तेवढी वर्षेही गेली, आणि कर्ज मागे राहिले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात जालना होता. या योजनेतली आशा कार्यकर्ती आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. तिने गावातली घरे फिरावीत, ठरावीक प्रश्न विचारून खचलेला माणूस हेरावा, आणि पुढे १०४ या दूरध्वनीवर किंवा जिल्हा रुग्णालयात त्याची गाठ घालून द्यावी, अशी रचना होती. गृहभेट तिने केली, बोलणे दुरून झाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या प्रकल्पाने काहीशा याच वाटेने काम केले. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आणि दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे एकाच आठवड्यात आली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६.

अनुभवी कार्यकर्ती पडद्यावर काय करते, तेही पाहू. पहिला प्रश्न दुःखाचा नसतो. "आता कोठे बसला आहात? खोलीत आणखी कोणी आहे का? लाइन तुटली तर कोणी कोणाला फोन करायचा? जवळच्या कोणाचा नंबर देता?" हे आधी ठरते, कारण धोका वाटला तर गावातल्या माणसाला ताबडतोब तेथे पाठवता आले पाहिजे. शांततेचा प्रश्न त्याहून अवघड. समोरासमोर बसल्यावर दोन मिनिटांची शांतता पुष्कळ काही सांगते. पडद्यावर मात्र 'हॅलो, आवाज येतोय का?' असे विचारण्याचा मोह होतो, आणि तोंडाशी आलेले वाक्य परत जाते. शिवाय फोन अनेकदा घरात एकच, तोही नवऱ्याचा किंवा मुलाचा. बाईला बोलायचे ते घर रिकामे असेल तेव्हाच. अशा वेळी पडद्यापेक्षा लेखी निरोप बरा पडतो. येथे कर्वे यांची पत्रे पुन्हा आठवतात.

दिसत नाही ते ऐकावे लागते. पुरुष पुष्कळदा शेतावरून बोलतात, कारण घरात बोलता येत नाही. मागे पंपाचा आवाज येत असेल तर विहिरीला अजून पाणी आहे एवढे कळते. गेल्या खेपेला येणारा तो आवाज या खेपेला नसेल, तर कार्यकर्ती आधी पाण्याचे विचारते.