तेहतीस मिलिसेकंदांची विद्या

व्हिडिओ गेमच्या कथा, पात्रे, हिंसा, व्यसन यांवर पुष्कळ लिहिले जाते. ताकदवान यंत्रासाठी घडवलेला गेम दुबळ्या कन्सोलवर कसा बसवतात आणि विक्रीला आल्यावरही अपडेटमधून त्याची चाल कशी सुधारतात, याकडे मात्र अभ्यासक क्वचितच वळतात. या विषयात शिरायला प्रोग्रामिंग यायलाच हवे असे नाही. सुरुवातीला भागाकार पुरतो. सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे 33 मिलिसेकंद येतात. शत्रूची हालचाल, सावल्या, पाऊस, गवत, सगळे तेवढ्यात उरकायचे. नाही उरकले तर चित्र अडखळते.

अपडेटमुळे यंत्राची ताकद वाढत नाही. कामाची वाटणी तेवढी बदलते, आणि माझ्या मते या विषयाची खरी गोडी तिथेच आहे. 2015 चा ‘द विचर 3’ 2019 मध्ये 4 जीबी मेमरीच्या निन्टेंडो स्विचवर आला, तेव्हा तो चालतो याचेच नवल होते. चित्र मात्र धूसर. फेब्रुवारी 2020 च्या अपडेटने मोशन ब्लर, ब्लूम, शार्पनिंग अशा दृश्य-परिणामांचे पर्याय खेळाडूच्याच हाती दिले. काय सोडायचे हे आता त्याने ठरवावे!

‘सायबरपंक 2077’ची गोष्ट अधिक कडू. डिसेंबर 2020 मध्ये तो प्लेस्टेशन 4 वरही आला. भरधाव गाडीपुढचे शहर त्या कन्सोलच्या संथ हार्ड डिस्कवरून सतत आणत राहायचे होते, आणि तिथेच घोडे अडले. आठवडाभरात सोनीने तो आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढला. जून 2021 मध्ये पुन्हा विक्रीला ठेवला. मधल्या पॅचांनी, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटांनी, बरेच सावरले, तरी 2023 चे 2.0 अपडेट त्या कन्सोलसाठी आलेच नाही.

म्हणून ‘हा गेम नीट चालत नाही’ हे विधान आवृत्तिक्रमांकाशिवाय अपुरे असते. पोथीचा अभ्यासक पाठभेद नोंदवतो, तसे इथे पॅच नोंदवावे लागतात. अडचण अशी की नवा पॅच कन्सोलवरच्या जुन्या आवृत्तीची जागा घेतो, आणि सहसा मागे जाता येत नाही. डिस्कवरची मूळ आवृत्ती तेवढी शाबूत राहते. नवागताने पहिला प्रयोग ‘सायबरपंक’च्या अशा आवृत्तीवरच करावा: इंटरनेट तोडून ती चालवावी, एकाच रस्त्यावरून त्याच वेगाने गाडी न्यावी, फ्रेम मोजाव्यात, मग शेवटचा पॅच घालून तोच रस्ता पुन्हा.