स्थूलत्वशस्त्रक्रिया : तरुण रुग्णाची निवड आणि विमासंरक्षण

स्थूलत्वशस्त्रक्रिया : आहारनियमन, व्यायाम व औषधे यांना दाद न देणाऱ्या अतिस्थूलत्वावर, जठराचे आकारमान घटवून अथवा जठर व लहान आतडे यांची जोडणी बदलून करण्यात येणारा उपचार. रुग्णालयांत आणि विम्याच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘बेरियाट्रिक सर्जरी’ असा होतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराच्या उपमार्गाची, म्हणजे ‘बायपास’ची, शस्त्रक्रिया केली, पुढे १९९० नंतरच्या दशकात ती दुर्बिणीने होऊ लागल्यावर तिचा जगभर प्रसार झाला. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार स्थूल व्यक्तींचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे २००७ मधील निष्कर्ष असे, की शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कमी होते. तेव्हा या उपचाराची गणना सौंदर्यवर्धनात करणे हा रुग्णांवर अन्याय आहे.

सध्या दोन प्रकार विशेष रूढ आहेत. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून काढून टाकतात व अरुंद नळीसारखा भाग शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागाबरोबर घ्रेलिन या क्षुधावर्धक संप्रेरकाचे मुख्य उगमस्थानही जात असल्यामुळे भूक मंदावते. आतड्याला हात लागत नाही, म्हणून ही शस्त्रक्रिया तुलनेने सुटसुटीत. पण कापलेले जठर परत येत नाही आणि आम्लपित्ताचा जुना विकार असल्यास तो बळावण्याचा संभव असतो. ‘बायपास’मध्ये सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची जठराची पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. मधुमेह व आम्लपित्त यांवर हिचा गुण अधिक. मात्र लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण घटते, गोड पदार्थ खाताच घाम, धडधड व भोवळ यांचा त्रास काहींना होतो, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या जोडाशी व्रण होण्याचे भय राहते. फिनलंडमधील तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांनंतर अतिरिक्त वजनातील घट ‘स्लीव्ह’नंतर सरासरी ४९ टक्के, तर ‘बायपास’नंतर ५७ टक्के आढळली. जठराभोवती पट्टा बसवण्याची एकेकाळी लोकप्रिय असलेली पद्धत आता मागे पडली आहे.

विशीतील रुग्णाने केवळ किलोंच्या हिशेबावर निवड करू नये, कारण निवडलेल्या जठरासह त्याला पुढील चाळीस-पन्नास वर्षे काढावयाची असतात. आरंभी काही दिवस वरणाचे पाणी, ताक व भाज्यांचे कढण घोटाघोटाने घ्यावे लागते. पुढे चतकोर भाकरीही सावकाश चावून खावी लागते आणि जेवताना पाणी वर्ज्य होते. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता मुळातच पुष्कळ आढळते, त्यामुळे जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासणी यांतून पुढे कधीच सुटका नाही. वजन उतरल्यावर प्रजननक्षमता वाढते, परंतु वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात. विवाहाच्या वयातील मुलीशी हा विषय शस्त्रक्रियेपूर्वीच, आणि तिच्या एकटीशी, बोलला जाणे अत्यावश्यक होय. सेमाग्लूटाइड व टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात वजनासाठी उपलब्ध झाल्यापासून तोही पर्याय विचारात घ्यावा लागतो. ती थांबवल्यावर वजन बहुधा पुन्हा चढते.

विम्याची बाजू याहून बिकट आहे. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळणुकींचा जो प्रमाण मसुदा ठरवून दिला, त्यानुसार शस्त्रक्रिया वैद्याच्या सल्ल्याने व मान्य उपचारपद्धतीस धरून झालेली असावी, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे, आणि देहभार निर्देशांक (किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ४० किंवा त्याहून अधिक असावा. तो ३५ ते ४० असल्यास सौम्य उपाय निष्फळ ठरल्यानंतर स्थूलत्वजन्य हृत्स्नायुविकार, हृद्‌रोहिणीविकार, तीव्र निद्राश्वसनरोध अथवा उपचारांनीही आटोक्यात न येणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांपैकी एखादी व्याधी असावी. या अटी पुऱ्या न झाल्यास खर्च वगळला जातो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व १०० किलो वजनाच्या तरुणीचा निर्देशांक ३६.७ येतो. तिला बीजकोशांचा विकार, यकृतात मेद आणि गुडघेदुखी असली, तरी यांतील एकही व्याधी वरील यादीत नाही. व्याधीविना पात्र ठरण्यास तिचे वजन सुमारे १०९ किलो व्हावे लागेल. वास्तविक २०२२ मध्ये स्थूलत्वशल्यविशारदांच्या अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी ३५च्या पुढे, अन्य व्याधी असो वा नसो, शस्त्रक्रियेची शिफारस केली असून आशियाई व्यक्तींच्या बाबतीत २७.५ पासूनच तिचा विचार व्हावा असे म्हटले आहे. ४०हून कमी निर्देशांकास अशी गंभीर व्याधी जडल्यावरच मंजुरी देणारा हा विमानियम तरुणांना आजारी पडण्याची वाट पाहावयास लावतो. तो बदलला पाहिजे.

वैयक्तिक विम्यात पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षेची मुदत असते. २०२४च्या नियमांनी तिची कमाल मर्यादा ३६ महिने केली. प्रस्तावपत्रात उंची व वजन खरेच लिहावे, नाहीतर पुढे दावा फेटाळण्यास निमित्त मिळते. आईवडिलांच्या नोकरीतील सामूहिक विम्यात ही मुदत अनेकदा माफ असते, पण अपत्याच्या समावेशाची वयोमर्यादा करारागणिक बदलते, म्हणून ती उलटण्यापूर्वीच चौकशी करणे हिताचे. आहारतज्ज्ञाकडील नोंदी, तारीखवार वजने, निद्रापरीक्षणाचा अहवाल आणि शल्यविशारदाचे लेखी मत हे दस्तऐवज पूर्वमंजुरीच्या अर्जासोबत जोडावेत. मंजुरी मिळाली तरी लोंबणारी त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा सौंदर्योपचार समजून नाकारली जाते, आणि गोळ्यांचा व तपासण्यांचा खर्च बहुतेकदा घरच्याच खिशातून होतो. दावा नामंजूर झाल्यास इन्काराचे कारण लेखी मागावे व प्रथम कंपनीकडेच तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आले किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुण्यासह अनेक शहरांत आहेत. अर्जास शुल्क नाही व वकिलाचीही गरज नाही.