बेदाण्याचा जिल्हा आणि वाइनचे धोरण

सांगलीच्या द्राक्षशेतीचा इतिहास मुख्यतः बिनबियांच्या द्राक्षांचा आहे. थॉम्पसन सीडलेसच्या वेलीवर आपोआप घडलेला बदल हेरून तासगाव तालुक्यातील बोरगावी 'तास-ए-गणेश' हे वाण निवडले गेले. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगलीत पलूस येथे वाइन पार्कची आखणी झाली. नाशिकला वाइन रुजली, सांगलीची ओळख मात्र बेदाण्याचीच राहिली. असे का व्हावे?

तांबड्या वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल व बियांतून. त्यासाठी शिराझ, काबर्ने यांसारखी वाणे लावावी लागतात, आणि नवी बाग फळावर येईपर्यंत दोनतीन वर्षे थांबावे लागते. शिवाय त्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वायनरी. तिने पाठ फिरवली तर माल कोणाला विकायचा? बेदाण्याचे तसे नाही. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेले घड पूर्वभागाच्या कोरड्या हवेत, शेडमधील जाळ्यांवर वाळतात. भाव पडला तर माल शीतगृहात थांबतो. विक्रीची वेळ ठरवण्याचा थोडा तरी अधिकार शेतकऱ्याच्या हाती उरतो. सांगलीच्या निवडीमागे वाइनविषयीच्या संकोचापेक्षा हा व्यवहारी शहाणपणा अधिक असावा, असे वाटते.